यंत्राचा परकायाप्रवेश

मित्रहो, आजचा विषय ऐकून पुढच्या रांगेतल्या काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या आम्हाला इथून दिसत आहेत. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी प्रोसेसरवर कशाला बोलावं, असा तो प्रश्न आहे. उत्तर साधं आहे. गेली दोन वर्षं आम्ही एका कोशाच्या मागे लागलो आहोत, आणि त्या कोशानेच आम्हाला प्रोसेसरच्या दारात आणून उभं केलं.

हा कोश तत्त्वज्ञानातल्या मराठी परिभाषेचा. एका छोट्या संस्थेत पाच-सहा प्राध्यापकांनी मिळून २००२ च्या सुमारास तो हाती घेतला. नोंदी आधी कार्डांवर लिहायच्या, मग टंकलेखकाने त्या संगणकावर उतरवायच्या. संगणकावर विंडोज एक्सपी, आणि तिच्यावर त्या काळचं मराठी टंकनाचं एक सॉफ्टवेअर. पुढे पैसे संपले, काम थांबलं. कार्डं एका पावसाळ्यात भिजली आणि रद्दीत गेली. मूळ संपादकांपैकी तिघं आज हयात नाहीत. संगणक अखेरचे आचके देऊ लागला तेव्हा कुणा हुशार मुलाने त्याची अख्खी डिस्क उचलली आणि नव्या संगणकात ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणून ठेवून दिली. म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. खिडकी उघडली की आत एक्सपीचं ते हिरवं कुरण, निळं आभाळ, आणि कोश जसाच्या तसा. बरीच वर्षं हे छान चाललं. मग संस्थेने नवा मॅक घेतला, एम-वन चिपचा. ती फाइल त्यावर नेली, आणि काही केल्या सुरू होईना.

आम्ही एका तरुण इंजिनिअरला विचारलं, “फाइल तर पूर्ण आली आहे ना? एकही बाइट कमी नाही?”

“नाही सर, सगळी आली.”

“मग?”

“सर, या चिपला ती भाषाच कळत नाही.”

या एका वाक्याचा अर्थ नीट लावण्यात आजचा तास जाणार आहे.

व्हर्च्युअल मशीन ही कल्पना नवी नाही, हे आधी सांगायला हवं. १९६० च्या दशकात आयबीएमच्या प्रयोगशाळेत ती आकाराला आली आणि १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ या नावाने बाजारात आली. एक अवाढव्य महागडं यंत्र, पण त्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला वाटायचं की हे यंत्र माझ्या एकट्याचं आहे. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघांनी एक निबंध लिहिला आणि अशा यंत्राच्या अटी काटेकोरपणे मांडल्या. आम्हा तर्कशास्त्र शिकवणाऱ्यांना हेवा वाटावा इतका तो निबंध स्वच्छ आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आतल्या कार्यक्रमाला खऱ्या यंत्रावर आहोत तसंच वाटलं पाहिजे, सगळ्या साधनांवर ताबा मात्र बाहेरच्या व्यवस्थापकाचा राहिला पाहिजे, आणि तिसरी अट, जी आपल्याला आज महत्त्वाची आहे, ती म्हणजे आतल्या बहुतेक आज्ञा खऱ्या प्रोसेसरने थेट, कुणाच्याही मध्यस्थीशिवाय पार पाडल्या पाहिजेत.

जुन्या पुण्यातला वाडा डोळ्यासमोर आणा. एका वाड्यात आठ बिऱ्हाडं. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, आपापलं स्वातंत्र्य. कुणी कुणाच्या खोलीत घुसायचं नाही, हे बघायला मालक आहेच. पण पाणी? पाणी सगळ्यांचं एकाच विहिरीचं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे असं बिऱ्हाड, आणि विहीर म्हणजे प्रोसेसर. ‘आभासी’ हा शब्द ऐकून आपल्याला वाटतं की आत सगळंच मायिक असेल. तसं नाही. डिस्क आभासी, पडदा आभासी, नेटवर्क आभासी, पण आकडेमोड खरी, खऱ्या सिलिकॉनवर झालेली. म्हणूनच ही यंत्रं वेगाने चालतात. आणि म्हणूनच, बरं का, विहीर बदलली की बिऱ्हाड अडचणीत येतं.

आता ‘भाषा वेगळी’ म्हणजे काय ते बघू. इंटेलच्या ज्या घराण्याचे प्रोसेसर आपण इतकी वर्षं वापरत आलो, त्याचा मूळपुरुष १९७८ चा ‘८०८६’. दुसरं घराणं ‘आर्म’चं. त्याची पहिली चिप १९८५ ची, केंब्रिजच्या एकॉर्न या कंपनीतली. आपल्या खिशातल्या बहुतेक फोनमध्ये तेच घराणं नांदतं आहे, आणि नोव्हेंबर २०२० पासून ॲपलच्या मॅकमध्येही. दोन्ही ठिकाणी शून्य आणि एकच. दोन्ही ठिकाणी बाइट आठ बिटांचाच. फरक आहे तो अर्थात.

हिंदी आणि मराठी दोन्ही देवनागरीत लिहितात. कागदावर ‘शिक्षा’ अशी दोन अक्षरं आहेत. हिंदी माणूस वाचेल ‘शिक्षण’, मराठी माणूस वाचेल ‘दंड’. ‘चेष्टा’ हा शब्द घ्या, हिंदीत तो प्रयत्न आणि आपल्याकडे थट्टा. लिपी शाबूत, अक्षरं शाबूत, झेरॉक्स काढली तरी एक कानामात्रा हलणार नाही, तरी निरोप मात्र भलताच पोचला. प्रोसेसरचं तसंच आहे. इंटेलच्या भाषेत हेक्साडेसिमल ९० हा एक बाइट म्हणजे ‘काही करू नको, पुढे जा’ अशी आज्ञा. हाच बाइट चार वेळा लागोपाठ लिहिला तर इंटेलचा प्रोसेसर चार वेळा स्वस्थ बसेल. तेच चार बाइट ६४ बिटांच्या आर्मसमोर ठेवा. तो ते चारही मिळून एकच आज्ञा म्हणून वाचतो, आणि तिचा अर्थ होतो ‘स्मृतीतला अमुक पत्ता काढ आणि १६ क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये ठेव’. कुठे स्वस्थ बसणं आणि कुठे पत्ता शोधायला निघणं! आर्मची प्रत्येक आज्ञा बरोबर चार बाइटांची. इंटेलची आज्ञा एक बाइटापासून पंधरा बाइटांपर्यंत कितीही लांब. म्हणजे वाक्य कुठे संपलं याबाबतसुद्धा दोघांचं एकमत नाही.

इथे श्रोत्यांमधून नेहमी एक शंका येते, आणि ती रास्त आहे. ॲलन ट्युरिंगने १९३६ मध्येच दाखवलं होतं ना, की एक सार्वत्रिक यंत्र दुसऱ्या कुठल्याही यंत्राची नक्कल करू शकतं? मग अडचण कसली? अडचण तत्त्वतः नाहीच. इंटेलच्या आज्ञा एकेक वाचून आर्मच्या भाषेत सांगणारा दुभाषा लिहिता येतो, तसा लिहिलेलाही आहे. त्याला इम्युलेटर म्हणतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसाने २००३ मध्ये ‘क्यूइमू’ हा असा दुभाषा प्रसिद्ध केला. तो आजही चालतो आणि फुकट मिळतो. त्याची युक्ती छान आहे. तो शब्दाशब्दाला थांबत नाही. आज्ञांचा एक तुकडा उचलतो, त्याचं एकदाच भाषांतर करतो आणि ते जपून ठेवतो. तोच तुकडा पुन्हा आला की तयार भाषांतर पुढे करतो. तरीसुद्धा थेट विहिरीवरून पाणी भरणं वेगळं आणि दुभाष्यामार्फत मागवणं वेगळं. एका आज्ञेच्या जागी अनेक आज्ञा खर्च होतात, आणि वेग बराच खाली येतो.

आमच्या वर्गात ‘तत्त्वतः शक्य’ हे दोन शब्द फार स्वस्त झाले होते, असं आता मागे वळून पाहताना वाटतं. जे तत्त्वतः शक्य ते झालंच, अशा थाटात आम्ही सगळेच पुढच्या मुद्द्याकडे वळत असू. शंकराचार्यांनी पारमार्थिक आणि व्यावहारिक अशा पातळ्या वेगळ्या ठेवल्या, त्याची किंमत संगणकाजवळ बसल्यावर कळते. ट्युरिंगचा सिद्धान्त वेळेचा हिशोब मागत नाही. टंकलेखकाला तो मागावाच लागतो.

दुसरी शंका जास्त धारदार आहे. ॲपलने आपल्या नव्या मॅकबरोबर ‘रोझेटा’ नावाचा भाषांतरकार दिला होता. इंटेलसाठी लिहिलेले जुने कार्यक्रम त्यावर बऱ्यापैकी वेगाने चालतात. मग त्यानेच आमचं एक्सपी का चालवू नये? ॲपलने स्वतःच सांगून टाकलं आहे की इंटेलचं यंत्र उभं करणारे व्हर्च्युअल मशीनचे कार्यक्रम रोझेटा भाषांतरित करणार नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. साधा कार्यक्रम हा भाडेकरू असतो. त्याला फाइल हवी असली की तो ऑपरेटिंग सिस्टिमला विनंती करतो. ती सिस्टिम इथलीच, आर्मचीच. दुभाष्याला फक्त त्या एका पाहुण्याचं बोलणं उलथवायचं असतं. व्हर्च्युअल मशीनच्या आत मात्र एक संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम असते, आणि तिची समजूत अशी की मालक मीच. स्मृतीची पानं कुठे कशी लावायची, कळ दाबली गेली की कुणाला हाक मारायची, कुठला कार्यक्रम किती वेळ चालू द्यायचा, हे सगळं तिला प्रोसेसरच्या खास अधिकारांतून करायचं असतं. ते अधिकार आणि त्यांची मांडणी दोन घराण्यांत पूर्णपणे निराळी आहे. पाहुण्याचं भाषांतर करणं वेगळं आणि परक्या राजाचा अख्खा दरबार भाषांतरात चालवणं वेगळं. हे काम याआधी झालेलं नाही असं नाही. ‘व्हर्च्युअल पीसी’ नावाचा कार्यक्रम १९९७ पासून पॉवरपीसी चिपच्या मॅकवर विंडोज चालवत होता, पूर्ण दरबारासकट. ज्यांनी तो वापरला त्यांना त्याची गोगलगाईची चाल आठवत असेल.

तेव्हा आमच्यासमोर प्रत्यक्षात काय होतं? एक फाइल. तिच्यात यंत्राची डिस्क. आणि इथे एक चांगली बातमी आहे, जी घाबरलेल्या लोकांना कुणी सांगत नाही: डिस्कला प्रोसेसरची जात नसते. ती नुसत्या बाइटांची रांग आहे. प्रत्येक कंपनीचं फाइलचं वेष्टन वेगळं, कुणाचं व्हीएमडीके, कुणाचं व्हीडीआय, क्यूइमूचं क्यूकाउ-टू. पण क्यूइमूबरोबर येणाऱ्या ‘क्यूइमू-इमेज’ या छोट्या हत्याराने एका वेष्टनातून दुसऱ्यात जाता येतं. इंटेल आणि आजचे आर्म मॅक दोघंही मोठ्या संख्येचे बाइट एकाच क्रमाने, लहान टोकाकडून, मांडतात. त्यामुळे तीही कटकट नाही.

मात्र एक पथ्य आहे. व्हर्च्युअल मशीन आपण पुष्कळदा बंद करत नाही, नुसतं झोपवतो. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली की अर्धवट लिहिलेलं वाक्य तिथेच उभं असतं. ही झोप म्हणजे त्या क्षणीच्या स्मृतीचा आणि प्रोसेसरच्या रजिस्टरांचा फोटो. तो फोटो त्याच घराण्याच्या प्रोसेसरला कळतो. नव्या घरी नेण्याआधी जुन्या संगणकावर ते यंत्र जागं करायचं, आतल्या विंडोजला रीतसर ‘शट डाउन’ करायचं, मध्ये मध्ये घेऊन ठेवलेले स्नॅपशॉट मूळ डिस्कमध्ये मिसळून टाकायचे, आणि मगच हलवायचं. झोपलेल्याला उचलून नेऊ नये. जुना संगणक आधीच भंगारात दिला असेल तर हे करता येत नाही, म्हणून तो घाईने देऊ नये.

शंकराचार्यांच्या परकायाप्रवेशाची आख्यायिका तुम्हाला ठाऊक आहे. मंडनमिश्रांच्या पत्नीने, उभयभारतीने, कामशास्त्रावरचे प्रश्न विचारले. संन्याशाला उत्तर कुठून देता येणार? म्हणून आचार्य मृत अमरुक राजाच्या देहात शिरले. मूळ देह शिष्यांनी गुहेत राखून ठेवला होता. इकडे प्रधानांना संशय आला आणि त्यांनी हुकूम सोडला, राज्यात कुठे निष्प्राण देह सापडेल तो जाळून टाका. आमच्या संस्थेच्या व्यवस्थापकांनीही नवा मॅक येताच ‘जुनं सामान काढा’ असा हुकूम सोडला होता. दोघा कार्यकर्त्यांनी तो जुना संगणक जिन्याखाली लपवला, म्हणून आज हे व्याख्यान होतं आहे. आख्यायिकेत एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही: आचार्यांना त्या राजाची बोली कशी आली? आख्यायिकेला ते चालतं.

पुढची पायरी यंत्राच्या हातापायांची. क्यूइमूमध्ये नवं यंत्र उभं करताना त्याला डिस्क कोणत्या तारेने जोडायची, पडदा कोणता द्यायचा, हे आपण ठरवतो. एक्सपीला ज्या प्रकारच्या डिस्कची सवय आहे तोच प्रकार द्यावा. आमच्या यंत्राची जुनी डिस्क आयडीई पद्धतीची होती, तीच इथेही ठेवली. नवी, वेगवान पद्धत दिली असती तर एक्सपीला स्वतःची डिस्क सापडली नसती आणि निळ्या पडद्यावर ‘७बी’चा इशारा झळकला असता. जुन्या जाणत्यांना तो पाठ असेल. इतका बदल झाला की एक्सपीला वाटतं आपण दुसऱ्याच संगणकावर आलो, आणि पुष्कळदा ती पुन्हा परवाना मागते. त्यातून मराठी टंकनाच्या त्या काळच्या अनेक सॉफ्टवेअरना डोंगल असे, म्हणजे संगणकाच्या पाठीत खुपसायचं छोटं कुलूप. आमचं डोंगल यूएसबीचं होतं, ते इम्युलेटरला जोडून देता आलं. प्रिंटरच्या जुन्या पोर्टवर लागणारं असतं तर आजच्या मॅकला ते लावायचं कुठे, हाच प्रश्न होता.

जिथे आत लिनक्स आहे तिथे इतकी यातायात करू नये, असं आमचं मत आहे. डेबियनसारख्या वितरणांची आर्मसाठी तयार आवृत्ती मिळते. नव्या प्रोसेसरवर नवं आर्मचं यंत्र उभारावं, लागणारे कार्यक्रम तिथे पुन्हा बसवावेत, आणि फक्त घरसामान, म्हणजे फाइली आणि डेटाबेसची निर्यात केलेली प्रत, हलवावं. विंडोजपुरतं बोलायचं तर विंडोज ११ची आर्म आवृत्ती आहे आणि ती इंटेलसाठी लिहिलेले पुष्कळ कार्यक्रम स्वतःच भाषांतर करून चालवते. एक्सपीची आर्म आवृत्ती कधी निघाली नाही, आणि तिचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. म्हणून इम्युलेटरमध्येसुद्धा तिला इंटरनेट देऊ नये.

आता आमच्या शास्त्रातला प्रश्न. आम्हाला नक्की काय वाचवायचं होतं? यंत्र? त्यातलं सॉफ्टवेअर? की नोंदी? पहिल्या महिन्यात आम्ही सगळे ‘यंत्र वाचवा’ असंच म्हणत होतो, कारण नोंदी यंत्रात होत्या. पण इम्युलेटरमध्ये एक्सपी एकदाची उघडली आणि वापरण्याइतपत चालली, तेव्हा त्या तरुण इंजिनिअरने एक सरळ प्रश्न विचारला. “सर, मजकूर कॉपी करून बाहेर का आणत नाही?” आणला. बाहेर आला तो इंग्रजी अक्षरांचा चिवडा.

याचं कारण फॉन्टमध्ये आहे, आणि महाराष्ट्रातल्या हजारो पुस्तकांच्या, दिवाळी अंकांच्या, प्रबंधांच्या फाइली याच अवस्थेत पडून आहेत, म्हणून थोडं थांबून सांगतो. युनिकोड रूढ होण्याआधी देवनागरी फॉन्टची क्लृप्ती अशी होती की संगणकाला अक्षर इंग्रजीच वाटावं, फक्त त्याचं चित्र मराठी काढावं. कृतिदेव फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’ टाइप केला की ‘क’ दिसतो आणि ‘एफ’ टाइप केला की पहिली वेलांटी. म्हणून ‘कि’ हे फाइलीत ‘एफ’ आणि मग ‘डी’ असं पडून असतं, म्हणजे वेलांटी आधी, क नंतर, जसं डोळ्याला दिसतं तसं. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतं, क आधी आणि वेलांटी नंतर. ‘कर्म’मधला रफार जुन्या फॉन्टात सगळ्यात शेवटी, म च्या पाठीवर, युनिकोडमध्ये तो र म्हणून म च्या आधी. प्रत्येक कंपनीची चित्रांची मांडणी वेगळी, तिचा फॉन्ट नसला की मजकूर मुका. पुन्हा तीच ‘शिक्षा’: बाइट शाबूत आणि अर्थ दुसरीकडे.

तेव्हा खरं स्थलांतर दोन होती. इंटेलवरून आर्मवर, हे पहिलं, आणि ते इम्युलेटरने तीन आठवड्यांत उरकलं. फॉन्टवरून युनिकोडवर, हे दुसरं, ते अजून चालू आहे. यंत्र तिकडे नेलं ते कायम नांदवायला नव्हे. मूळ नोंद पडद्यावर कशी दिसत होती हे शेजारी उघडून ताडून पाहायला. परिवर्तनाचा कार्यक्रम बहुतेक शब्द बरोबर उतरवतो. जिथे चुकतो तिथे मात्र दुष्टपणे चुकतो. आपल्या मराठीत र ची दोन रूपं शेजारी नांदतात, एक डोक्यावरचा रफार आणि एक तो चंद्रकोरीसारखा आडवा, ‘तऱ्हा’मधला. कार्यक्रमाने दोन्हींची गल्लत केली. परिणाम असा की ब्रह्मसूत्रांवरच्या नोंदीत ‘आचार्यांचे मत’ हे ‘आचाऱ्यांचे मत’ झालं. अद्वैताविषयी स्वयंपाक्यांना काय वाटतं हे कळून घ्यायला आमची हरकत नाही, पण संपादकांनी तसं लिहिलेलं नव्हतं.

ही चूक यंत्राने शोधून बदलता येईल का, असं आम्ही विचारलं. सगळीकडे एकदम बदलता येत नाही, कारण ‘विचाऱ्यांना’, ‘कर्मचाऱ्यांना’ अशा जागी तो चंद्रकोरीचा र बरोबरच असतो. माणसाने वाचायचं, दुसऱ्या खिडकीत एक्सपीतली जुनी नोंद उघडायची, ती उघडेपर्यंत चहाचा घोट घ्यायचा, आणि पाहून दुरुस्त करायचं. गेल्या शनिवारी ‘प’ संपला. ‘प्र’ने फार वेळ घेतला, प्रमाण, प्रमेय, प्रत्यक्ष, प्रतीत्यसमुत्पाद, सगळा न्याय आणि सगळे बौद्ध तिथेच दाटीवाटीने बसले आहेत. ‘फ’ला तीनच नोंदी आहेत. ‘ब’पासून पुढे वाचणारे दोन डोळस तपासनीस आम्हाला हवे आहेत, चष्मा चालेल. संगणक येत नसेल तरी चालेल, तो जिन्याखालून आता टेबलावर आला आहे आणि सुरू करून द्यायला माणूस आहे.